टोकियोत घरचा कचरा टाकताना या चुका टाळा

टोकियोच्या निशिकासाई भागात नव्याने राहायला आलेली आपली मंडळी वर्षानुवर्षं त्याच त्या चुका करताना बघतेय, म्हणून एकदाच नीट लिहिते.

पहिली चूक, आदल्या रात्रीच पिशवी खाली ठेवून येणं. 'सकाळी ऑफिसची घाई असते' हे कारण मला पटत नाही. कचरा त्याच्या त्याच्या दिवशी, बहुतेक भागांत सकाळी 8 च्या आत ठेवायचा असतो. इथले कावळे उजाडता उजाडता पिशवी फाडतात, आणि रस्त्यावर पसरलेला भात-मासा शेजारच्या आजींना झाडावा लागतो. मी चहा ठेवला की पिशवी बांधते, खाली नेते आणि कावळ्यांसाठी वर घातलेल्या जाळीच्या कडा आत खोचून येते.

दुसरी चूक देश सोडताना होते आणि खिशाला चांगलीच झोंबते. आमच्या इमारतीतल्या पुण्याच्या एका मुलाचं प्रोजेक्ट संपलं. विमान रविवारचं आणि फ्रिज आठवला शुक्रवारी! फ्रिज, वॉशिंग मशीन, टीव्ही आणि एसी हे सोदाई गोमीत, म्हणजे मोठ्या कचऱ्यात चालत नाहीत. 2001 पासून लागू असलेल्या कायद्याप्रमाणे रिसायकलची फी भरून ते दुकानाकडे किंवा ठरलेल्या केंद्रावर द्यावे लागतात. या मुलाने गल्लीतून 'फुकट नेतो' असं भोंग्यावर सांगत फिरणारा ट्रक थांबवला. फ्रिज वर चढल्यावर माणसाने चढवणावळ म्हणून 30,000 येन मागितले, उतरवायचे पैसे वेगळे. पोराने मुकाट्याने दिले. अशा ट्रकला हात दाखवूच नका. तिकीट काढलंत की त्याच दिवशी फ्रिज विकत घेतलेल्या दुकानाला फोन करा.

गादी, टेबल, खुर्ची असं 30 सेंटिमीटरहून मोठं सामान मात्र सोदाई गोमीत जातं. आधी नाव नोंदवायचं, मग कोंबिनीतून, म्हणजे कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानातून 200 आणि 300 येनची स्टिकरं आणून चिकटवायची. मार्च-एप्रिलमध्ये सगळं शहर घरं बदलतं, तारखा लवकर मिळत नाहीत. महिनाभर आधी नोंदवा.

तळणाचं तेल सिंकमध्ये ओतू नका. सुपरमार्केटात तेल गोठवायची पावडर मिळते. ती गरम तेलात ढवळायची, निवल्यावर गोठलेला गोळा उचलून जळाऊ कचऱ्यात. थोडंसंच तेल असेल तर मी जुन्या वर्तमानपत्रात टिपून घेते.

पेट बाटलीचं, म्हणजे पाण्या-सरबताच्या प्लास्टिक बाटलीचं झाकण आणि लेबल काढा, मग विसळा. खायच्या तेलाची बाटली मात्र पेट बाटल्यांत चालत नाही.

नियम जागोजागी वेगळे असतात, त्यामुळे शेजारच्या योकोहामा शहरातल्या मित्राचा सल्ला तुमच्या वॉर्डात लागू होईलच असं नाही. वॉर्ड ऑफिसात नियमांचं इंग्रजी पत्रक फुकट मिळतं, तेच वाचा.

पॉवर बँक आणि लायटर साध्या पिशवीत कधीच टाकू नका. त्यांच्यामुळे कचऱ्याच्या गाड्या पेटतात आणि गाडीवर माणसं असतात.