४६ डेसिबलचं कापड, ९ डेसिबलचा गाऊन

फॅशन टेक्नॉलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहात आणि प्रोजेक्टला 'रेडिएशन अडवणारे कपडे' घ्यायचं मनात आहे? आधी माझी फजिती वाचा, मग खुशाल घ्या. विषय चांगलाच आहे.

मी गरोदर बायकांसाठी गाऊन करायचं ठरवलं. चांदीचा मुलामा दिलेल्या नायलॉनचं कापड मागवलं. (मंगलदास मार्केटात शोधत बसू नका, माझे दोन शनिवार त्यात गेले.) सोबत टेस्ट रिपोर्ट आला, ४६ डेसिबल. (कापड लाटा किती अडवतं त्याचं हे माप, आकडा मोठा तितकं चांगलं.) डेसिबलचं गणित तुम्हाला माहीत असेलच: २० म्हणजे शंभरातला एक भाग आत येतो, ४० म्हणजे दहा हजारांतला एक. ४६ म्हटल्यावर चाळीस हजारांत एक. मला वाटलं अर्धं प्रोजेक्ट झालं, आता नुसतं शिवायचंय.

शिवला. समोर बटणपट्टी, पट्टी कडक राहावी म्हणून आत फ्युजिंग (इस्त्रीने चिकटणारं अस्तर), आणि दर साडेआठ सेंटिमीटरवर धातूचं टिचबटण. लॅबमध्ये डमीच्या पोटात छोटा अँटेना ठेवला, गळा आणि घेर स्वयंपाकाच्या फॉइलने बंद केले आणि बाहेरून १८०० मेगाहर्ट्झच्या, म्हणजे मोबाइलच्या लाटा सोडल्या. आकडा आला ९. म्हणजे आठवा हिस्सा सरळ आत.

पहिले चार दिवस मी कापडवाल्याला शिव्या दिल्या. मग फॉइल नीट बसलं नाही म्हणून त्यालाच दोष दिला, पुन्हा लावलं, फरक शून्य. शेवटी लॅमिंग्टन रोडवरून तांब्याची चिकटपट्टी आणली, बटणपट्टीवर वरपासून खालपर्यंत चिकटवली, आणि आकडा २५ च्या पुढे उडाला.

आता हे नीट समजून घ्या, कारण मला कुणीच सांगितलं नव्हतं. लाट कापडावर आदळली की कापडात प्रवाह धावतो आणि तो प्रवाहच लाटेला परतवतो. त्याच्या वाटेत चीर आली की त्याला वळसा घालावा लागतो, आणि मग ती चीर स्वतःच अँटेनासारखी वागू लागते. चीर किती रुंद आहे हे जवळजवळ गौण. केसाइतकी बारीक असली तरी चालते, लांबी हवी. १८०० मेगाहर्ट्झच्या लाटेची लांबी साधारण १६.७ सेंटिमीटर, तिची निम्मी ८.३. आणि माझी बटणं साडेआठवर! लाटेसाठी मी मापात दार शिवून ठेवलं होतं.

'पण पट्ट्या तर एकमेकींवर बसतात, फट कुठे आहे?' हाच प्रश्न मीही विचारला होता. डोळ्याला फट नाही, प्रवाहाला आहे. फ्युजिंगचा गोंद वीज वाहू देत नाही, त्यामुळे दोन पट्ट्या फक्त टिचबटणांपाशी भेटत होत्या. साध्या शिवणीतही हेच. पॉलिएस्टरचा दोरा, आत दुमडलेलं अस्तर, मध्ये बकरम, जिथे धातू धातूला टेकत नाही तिथे चीर आहे असंच समजा. ढोबळ हिशेब असा की फट लाटेच्या विसाव्या भागाहून छोटी ठेवायची. १८०० ला ते ८ मिलिमीटर, फाईव्ह-जीच्या ३३०० ला साडेचार. इतक्या जवळ बटणं कोण लावणार? म्हणून बटणं सोडाच. वीजवाहक वेल्क्रो सलग लावा.

रिपोर्ट वाचताना आणखी एक बघा. कापडाचा असा आकडा काढायची एएसटीएम डी ४९३५ ही प्रमाणित चाचणी सपाट गोल तुकड्यावर होते आणि ३० मेगाहर्ट्झ ते १.५ गिगाहर्ट्झ इतक्याच फ्रिक्वेन्सीत. तुमचा फोन बऱ्याचदा त्याच्या वर बोलतो. रिपोर्ट खोटा नसतो, आपण त्याच्याकडून नको ते ऐकतो.

शॉर्टकटबद्दल माझं मत कडक आहे. फोन कापडात गुंडाळून 'रिंग आली नाही' म्हणणारे व्हिडिओ बघून प्रोजेक्ट करू नका. टॉवरजवळ फोनला गरजेपेक्षा लाखपट सिग्नल मिळत असतो, ४६ डेसिबलच्या कापडातही तो वाजेल. आणि मुळात सिग्नल मरतुकडा असेल तिथे हलकंसं कापडही त्याला गप्प करेल. यातून काही सिद्ध होत नाही.

चांदी धुतल्यावर काय होते ते आधी तपासा. पैंजण काळे पडतात तसंच हे कापड काळवंडतं. हवेतलं गंधक, घाम, आणि ब्लीच तर नकोच. मुंबईच्या पावसाळ्यात माझा एक तुकडा कपाटातच काळा झाला. स्टीलचे तंतू मिसळलेलं सूत धुण्याला टिकतं, पण टोचतं आणि सुया मोडतं.

घाबरू नका. लॅबवाले आपणहून काही सांगत नाहीत, पण विचारलं की तासभर समजावतात. मला सगळ्यात जास्त शिकवलं ते परळच्या एका कटिंग मास्तरांनी. त्यांना डेसिबल माहीत नाही. मी प्रवाहाची गोष्ट सांगितली तर म्हणाले, 'मग जीन्सच्या पायाची दुहेरी टीप घाल ना, दोन्ही कडा एकमेकींत अडकतात.' चांदीच्या दोऱ्याने तशी टीप घातली, वर वेल्क्रो. वेबिनारवाल्या मेंटॉरांपेक्षा असा एक मास्तर शोधा, त्यांच्यासाठी चहा न्या.

आणि भीती विकू नका. आपल्याकडे २०१२ पासून टॉवरच्या रेडिएशनची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या दहाव्या हिश्शावर आहे. ज्यांना वीजवाहक कपडे खरोखर लागतात ते चालू हायव्होल्टेज तारांवर चढणारे कामगार. त्यांच्या सूटसाठी आयईसी ६०८९५ हे वेगळं मानक आहे. नोकरी शोधताना तिकडे बघा, मॅटर्निटी गाऊनकडे नको. हे मला दोन वर्षं उशिरा कळलं.

दुसरा गाऊन २८ वर आला, गळा-घेर फॉइलने बंद ठेवून. फॉइल काढलं की १५. गाइड म्हणाले, कापडाचाच आकडा लिही, ४६ छान दिसतो. मी १५ लिहिला, कारण गाऊनमधून डोकं बाहेर काढावंच लागतं. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी तो आकडा वाचला, मान वर केली आणि विचारलं, 'पहिल्या गाऊनला बटणं किती अंतरावर होती?'