ओल्या सिमेंटने कातडी खाल्ली तर

माझ्या डाव्या गुडघ्यावर तळहाताएवढा गुळगुळीत चट्टा आहे. तिथे आता केस उगवत नाहीत. कोबा, म्हणजे सिमेंटची जमीन, घोटताना तीन तास गुडघ्यांवर होतो, पँट मालाने, म्हणजे कालवलेल्या ओल्या सिमेंटने, भिजून चिकटली होती आणि दुखत मात्र काहीच नव्हतं. थोडं चुरचुरलं, म्हटलं घामाने असेल. संध्याकाळी पँट अक्षरशः सोलून काढली, तर खालची कातडी राखाडी आणि बुळबुळीत. सकाळी ती काळी पडली होती.

सिमेंटमध्ये पाणी पडलं की त्यातून चुना तयार होतो, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड. ओल्या मालाचा पीएच 12 ते 13 असतो, म्हणजे तो कडक क्षार असतो. असा क्षार कातडी विरघळवत गुपचूप खाली उतरतो, आणि ठणका लागतो तो कित्येक तासांनी. त्यामुळे दुखण्याची वाट बघायची नाही, माल आत गेलाय हे कळलं की काम सोडायचं.

आधी भिजलेले कपडे, बूट, मोजे, अंगठी, घड्याळ सगळं काढा. ‘एवढी ओळ संपवतो’ म्हणू नका, मी तेच म्हटलं होतं. कोरडी पूड अंगावर असेल तर ती पाण्याआधी झटकून टाका. दुसऱ्याचं धूत असाल तर हातात रबरी मोजे घाला.

मग वाहतं, स्वच्छ, साधं गार पाणी. किमान 20 मिनिटं, घड्याळ लावून. त्यानंतरही चुरचुरत किंवा बुळबुळीत लागत असेल तर आणखी धुवा, तासभर लागला तरी चालेल. घासू मात्र नका. थापी-घमेली धुतलेल्या बादलीत हात बुडवणं म्हणजे धुणं नव्हे. त्या पाण्यातही चुनाच असतो. साइटवर निम्मे लोक तेच करतात आणि हात धुतले म्हणतात!

व्हिनेगर किंवा लिंबू चोळून चुन्याचा जोर मारायचा उद्योग घरच्या घरी करू नका. टूथपेस्ट, तेल, मलम काहीही नको, बर्फही नको. फोड आला तर फोडू नका. धुऊन झाल्यावर स्वच्छ, न चिकटणाऱ्या कापडाने जखम सैलसर झाका.

फोड आले, कातडी पांढरी, राखाडी किंवा काळी पडली, ती जागा बधिर झाली, किंवा चेहरा, हात, पाय, सांधा, जांघ यांपैकी कुठे भाजलं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. ‘भाजलंय’ एवढंच सांगून थांबू नका. ओल्या सिमेंटने, आणि किती तास, हेही सांगा. धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल विचारा.

डोळ्यात शिंतोडा गेला तर घाई दुप्पट. कॉन्टॅक्ट लेन्स सहज निघत असेल तर काढा, पापण्या बोटांनी उघड्या धरून निदान अर्धा तास पाणी सोडा, आणि बरं वाटलं तरी थेट दवाखान्यात जा.

पुरळ आणि खाज दिवसेंदिवस परत येत असेल तर ती बहुधा सिमेंटमधल्या क्रोमियमची अ‍ॅलर्जी. तिच्यासाठी त्वचेचे डॉक्टर.

मी आता घोटताना गुडघ्याखाली फळी घेतो आणि पाणी न शिरणारे नी-पॅड बांधतो. चामड्याचे हातमोजे केव्हाच फेकले, ते माल पितात आणि दिवसभर हाताला धरून ठेवतात. गमबुटात माल शिरला की बूट काढून पाय धुतो, मग स्लॅब कितीही अर्धवट असो.