अबीयाच्या वर्गापासून ख्रिस्तजन्म मोजताना

नाताळ जवळ आला की सांगली-मिरजेकडच्या बायबल अभ्यासात विषय निघतोच: येशूचा जन्म डिसेंबरात नव्हे, मंडपांच्या सणात (यहूदी लोकांचा शरद ऋतूतला सण) झाला. मान डोलावण्याआधी कागद-पेन्सिल घेऊन स्वतः मोजा.

मोजणी सुरू होते जखऱ्यापासून. हा बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा बाप, यरुशलेमच्या मंदिरातला याजक, अबीयाच्या वर्गातला (लूक १:५). वर्ग म्हणजे पाळीने सेवा करणारा याजकांचा गट. चोवीस वर्गांत हा आठवा (१ इतिहास २४:१०), प्रत्येकाची सेवा एक आठवडा. १ निसानपासून (यहूदी वर्षाचा पहिला महिना, मार्च-एप्रिल) सुरुवात धरा. तिसरा आठवडा वल्हांडण सणाचा, तेव्हा सगळेच वर्ग हजर. म्हणून अबीयाचा आठवडा नववा. दहाव्यात पेन्टेकॉस्टचा सण, पुन्हा सगळे. म्हणजे जखऱ्या घरी पोचतो साधारण १२ सिवानला (तिसरा महिना), आणि त्याची बायको अलीशिबा गरोदर राहते. तिच्या सहाव्या महिन्यात गब्रीएल देवदूत येशूची आई मरीया हिच्याकडे येतो; तिची गर्भधारणा तेव्हाची धरायची. पुरे सहा महिने दिले तरी १२ किसलेव (नववा महिना).

चूक होते ती पुढे. बरेच जण इथून २८० दिवस मोजतात. ते शेवटच्या मासिक पाळीपासूनचे, गर्भधारणेपासून २६६. उत्तर येतं १२ एलूलच्या (सहावा महिना) आसपास. मंडपांचा सण १५ तिश्रीला (सातवा महिना), म्हणजे महिनाभर पुढे! मधे यहूदी अधिक मास, म्हणजे तेरावा महिना, आला तर अंतर आणखी वाढतं. शिवाय वर्गाची सेवा वर्षातून दोनदा. दुसरी धरली तर जन्म वसंतात सरकतो.

सणांचा अंदाज भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर घेता येतो. यहूदी महिनाही आपल्यासारखाच अमावास्येनंतर सुरू होतो, त्यामुळे १५ तारीख पौर्णिमेच्या आसपास. पण अधिक मास दोघांचे वेगळे: मंडपांचा सण २०२३ मध्ये भाद्रपद पौर्णिमेला लागला, २०२४ मध्ये कोजागरीला. त्यामुळे तिश्री म्हणजे आश्विन असं पक्कं लिहून ठेवू नका.

‘थंडीत मेंढपाळ रानात नसतात’ हा मुद्दा आटपाडी-जतच्या माणसापुढे टिकायचा नाही. इथले धनगर ऐन थंडीत मेंढरं शेतात बसवतात. बेथलेहेमचा हिवाळा पावसाळी असतो, एवढाच फरक.

वर्षासाठी वेगळा कागद. येशूच्या जन्माच्या वेळी राज्य करणाऱ्या हेरोद राजाचा मृत्यू बहुतेक अभ्यासक इ.स.पू. ४ मध्ये धरतात, तेव्हा जन्म त्याआधीचा. योहानाने उपदेश सुरू केला ते रोमी सम्राट तिबिर्याचं १५ वं वर्ष (लूक ३:१) म्हणजे इ.स. २८-२९. शून्य वर्ष नाही, म्हणून इ.स.पू. ५ ते इ.स. २८ हे अंतर ३२, ३३ नव्हे. येशूने काम सुरू केलं तेव्हाच्या त्याच्या वयाला, लूक ३:२३ मधल्या ‘सुमारे तीस’ला, ते चालतं.