परसातल्या कोंबड्यांसाठी राखणीचा कुत्रा कसा निवडावा

नागपूरच्या कडेच्या ले-आउटमध्ये, बेसा, हिंगणा रोड किंवा काटोल रोडच्या बाजूला, घरामागे दहा-पंधरा गावरानी कोंबड्या पाळणाऱ्यांच्या खुराड्यावर एकदा रात्री धाड पडली की घरात पहिली गोष्ट निघते ती कुत्रा आणण्याची. हा विचार योग्यच आहे. मात्र घर राखणारा आणि कोंबड्या राखणारा कुत्रा यांची कामे वेगळी असतात, हे आधी ध्यानात घ्यावे. परक्या माणसाला फाटकाशी अडवले की घरच्या कुत्र्याचे काम होते. कोंबड्यांच्या कुत्र्याला मात्र दिवसभर नाकासमोर पक्षी फडफडत असताना स्वस्थ राहावे लागते आणि रात्री त्याच पक्ष्यांसाठी उठावे लागते. म्हणून निवड करताना आधी संयम पाहावा आणि धाडस नंतर, असे माझे ठाम मत आहे.

त्याआधी कोंबड्या नेमके कोण नेते, याचा छडा लावावा. मुंगूस बहुधा दिवसा येते, मान किंवा डोके धरते आणि संधी मिळाली तर एकाहून अधिक पक्षी मारून ठेवते. रानमांजर आणि उदमांजर रात्री येतात व पक्षी उचलून नेतात. मोकाट कुत्री जाळीच फाडतात. सकाळी अंगणभर पिसे आणि न खाल्लेल्या मेलेल्या कोंबड्या विखुरलेल्या दिसल्या, तर संशय त्यांच्यावरच घ्यावा. पिसांचा मागमूस नसताना अंडी किंवा लहान पिल्ले नाहीशी होत असतील तर साप किंवा घूस असण्याचा संभव अधिक, आणि भरदिवसा उघड्यावरचे पिल्लू गेले तर घार किंवा शिक्रा. कुत्र्याचा खरा उपयोग मुंगूस, मांजरे, मोकाट कुत्री आणि भुरटे चोर यांच्याविरुद्ध होतो. घारीसाठी वरून जाळी हवी, घुशीसाठी खुराड्याच्या तळाला सिमेंटचा कोबा हवा, आणि सापाशी गाठ पडली तर कुत्राच दगावण्याची भीती असते. मुंगूस, घोरपड, उदमांजर या प्राण्यांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण असल्यामुळे त्यांच्यासाठी विष किंवा सापळा लावण्याचा विचारही करू नये. भुंकून त्यांना हुसकावणारा कुत्रा पुरेसा असतो.

आता जातीचा प्रश्न. जनावरांच्या राखणीसाठी पिढ्यान्‌पिढ्या तयार झालेल्या ग्रेट पिरेनीज, मरेम्मा, अनातोलियन शेफर्ड या जातींची नावे परदेशात नेहमी घेतली जातात, आणि त्यांचा लौकिक खोटा नाही. ऑस्ट्रेलियातील वॉर्नांबूलजवळच्या मिडल आयलंडवर कोल्ह्यांमुळे छोटे पेंग्विन जवळजवळ संपले होते, तेव्हा 2006 मध्ये तेथे मरेम्मा कुत्रे आणले गेले आणि पेंग्विन पुन्हा वाढू लागले. पण हे दाट, दुहेरी केसांचे कुत्रे आहेत. मे महिन्यात पारा 45 अंशांपुढे जातो आणि नवतपात रात्रीही भिंती तापलेल्या असतात, अशा गावी त्यांना अंगणात ठेवणे क्रूरपणाचे आहे. आपल्याकडच्या हिमालयातील गद्दी आणि बखरवाल या राखणीच्या कुत्र्यांनाही हेच लागू होते, आणि त्यांना कूलरपुढे घरात ठेवले तर खुराड्याची राखण कोण करणार, हा प्रश्न उरतोच.

लॅब्राडोर नागपुरात सहज मिळतो आणि माणसांशी फार गोड वागतो, पण शिकाऱ्याने पाडलेला पक्षी तोंडात धरून आणण्यासाठीच त्याच्या पूर्वजांची पैदास झाली, त्यामुळे कोंबडी तोंडात धरण्याचा मोह त्याला उपजतच असतो. मुधोळ म्हणजेच कारवान, राजापालयम आणि चिप्पीपराई यांना 2020 मध्ये देशी जाती म्हणून नोंदणी मिळाली, याचा अभिमान जरूर बाळगावा. तरीही हे मूळचे शिकारी कुत्रे आहेत, आणि पळणारी वस्तू दिसली की मुधोळ विचार करण्याआधी धावलेला असतो. जर्मन शेफर्ड हुशार खरा, पण त्याला काम नसले तर तो कोंबड्यांनाच कोपऱ्यात हाकत बसतो, आणि सततच्या या धास्तीने कोंबड्या अंडी द्यायच्या कमी होतात.

माझा कौल साध्या गावठी कुत्र्याला आहे. आखूड केसांचा, ऊन सोसणारा, झोपेतही कान जागे ठेवणारा आणि अनोळखी हालचालीवर लगेच भुंकणारा हा कुत्रा विदर्भातील घराघरांत कोंबड्या-बकऱ्यांच्या सोबतीने वाढत आला आहे. अर्थात प्रत्येक गावठी कुत्रा या कामाचा नसतो. कोंबड्या मोकळ्या हिंडतात अशा एखाद्या शेतघरी व्यालेली कुत्री शोधावी आणि पिल्लापेक्षा आधी आईकडे पाहावे. तिच्या अंगावरून कोंबड्या बिनधास्त जात असतील, तिच्या ताटलीशी कोंबडी आली तर ती फार तर गुरगुरून गप्प बसत असेल, तर त्या वेतातले पिल्लू निःशंक मनाने निवडावे. पिल्लू आठ आठवड्यांचे होईपर्यंत आईपासून तोडू नये. सर्वांत दांडगे आणि सर्वांत भित्रे ही दोन्ही पिल्ले सोडून, नव्या माणसाकडे थोडे थांबून येणारे आणि उचलल्यावर काही वेळाने अंग सैल सोडणारे पिल्लू घ्यावे.

मोठा कुत्रा दत्तक घ्यायचा असेल तर जाळीशी त्याची परीक्षा घेतल्याशिवाय त्याला घरी आणू नये. गळ्यात पट्टा आणि हातात दोरी ठेवून त्याला खुराड्यापासून काही पावलांवर उभे करावे आणि स्वतः काहीही बोलू नये. डोके खाली, मान पुढे, तोंड मिटलेले, शेपूट ताठ, एक पाय किंचित उचललेला आणि नजर एकाच कोंबडीवर खिळलेली, आणि नाव घेतले तरी कानही हलत नाही, असे दिसले तर तो कुत्रा कितीही देखणा असला तरी नाकारावा. कोंबड्यांकडे पाहून नजर वळवणारा, जमीन हुंगणारा, जांभई देऊन बसून घेणारा कुत्रा पुढच्या फेरीस योग्य होय. मग कोणाला तरी आत पाठवून कोंबड्या फडफडवाव्यात. खरी परीक्षा या क्षणी होते. कुत्रा दचकून उठला, पण हाक मारताच परत वळला, तर तो शिकवता येण्यासारखा आहे. ही परीक्षा वेगवेगळ्या वेळी पुन्हा घ्यावी, कारण भरल्या पोटी दुपारी शांत असलेला कुत्रा संध्याकाळी वेगळा वागू शकतो.

नर घ्यावा की मादी, यावर फार काथ्याकूट करू नये. नसबंदी मात्र नक्की करावी. माजावर आलेली कुत्री वस्तीतल्या साऱ्या मोकाट नरांना कुंपणाशी गोळा करते, म्हणजे ज्यांच्यापासून कोंबड्या राखायच्या तेच दारात येतात, आणि नसबंदी न केलेला नर त्याच वासामागे रात्रभर बाहेर भटकतो. महानगरपालिकेच्या हद्दीत कुत्र्याची नोंदणी करून घ्यावी. रेबीजची लस तीन महिन्यांच्या वयात आणि नंतर पशुवैद्यकाच्या सल्ल्याने दरवर्षी द्यावी, कारण हा कुत्रा मुंगसांशी आणि मोकाट कुत्र्यांशी भिडणार आहे. सेमिनरी हिल्सवर पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे; तेथील रुग्णालयाचा लाभ नागपूरकरांनी अवश्य घ्यावा.

पिल्लाला पहिले काही महिने खुराड्यालगत, पण जाळीच्या अलीकडे वाढवावे. त्याचे खाणे-झोपणे तिथेच असावे, आणि अंडी गोळा करताना ते दोरीने बांधून सोबत न्यावे. सहा महिन्यांनंतर, ज्या वयात ते आता शहाणे झाले असे वाटू लागते, नेमक्या त्याच वयात खेळता खेळता कोंबडीचा पाठलाग सुरू होतो. म्हणून दीड-दोन वर्षांचे होईपर्यंत त्याला कोंबड्यांत एकटे सोडू नये. घरातील मुलांनाही कोंबड्यांमागे धावू देऊ नये, कारण पिल्लू ते पाहून शिकते. तयार झालेला कुत्रा रात्री कुंपणाच्या आत मोकळा असावा, कारण साखळीला बांधलेला कुत्रा फक्त भुंकतो आणि शेजाऱ्यांची झोप मोडतो. गोरेवाड्याच्या जंगलालगत किंवा बिबट्याचा वावर असलेल्या भागात मात्र अंगणातला कुत्रा स्वतःच भक्ष्य ठरतो. तेथे त्याला रात्री भक्कम, छत असलेल्या जाळीच्या खोलीत, खुराड्याच्या भिंतीला लागून ठेवावे, म्हणजे त्याचे भुंकणे उपयोगी पडते आणि जीवही वाचतो.

कोंबड्यांचे खाद्य कुत्र्याच्या तोंडाच्या टप्प्यात ठेवू नये, कारण कोंबडीच्या पिल्लांच्या काही खाद्यांत रक्ती हगवणीवर घातलेली मोनेन्सिनसारखी औषधे कुत्र्याला विषारी असतात. उंदरांच्या विषाबाबतही तीच खबरदारी घ्यावी. मेलेली कोंबडी कुत्र्यापुढे कधीही टाकू नये. एक तर त्याला कोंबडीच्या मांसाची चटक लागते, आणि दुसरे म्हणजे बर्ड फ्लूचा धोका खरा आहे. 2024 च्या डिसेंबरात गोरेवाड्याच्या बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या याच रोगाने दगावले. मेलेला पक्षी चुन्यासह खोल पुरावा आणि एकाच वेळी अनेक पक्षी मेले तर पशुसंवर्धन विभागाला कळवावे.

एवढे करूनही कुत्र्याने कोंबडी मारलीच, तर त्याला तासाभराने मारझोड करून काही साधत नाही. त्याला पुन्हा जाळीबाहेर घेऊन पहिल्यापासून दोरीवर शिकवावे. दोन वर्षांपुढचा कुत्रा पुन्हापुन्हा तेच करू लागला, तर त्याला कोंबड्या नसलेल्या घरी प्रेमाने सोपवावे आणि त्या जागी शांत आईचे दुसरे पिल्लू आणावे.