आरटीएक्स ३०६० की ४०६०: ग्राफिक्स कार्डांच्या तपशीलपत्रकांची तुलना कशी करावी

दोन ग्राफिक्स कार्डांची तपशीलपत्रके शेजारी शेजारी ठेवायची आणि प्रत्येक ओळीत मोठा आकडा कोणाचा हे पाहून निवड करायची, ही पद्धत सोपी असली तरी फसवी आहे. एनव्हिडियाचे फेब्रुवारी २०२१ मध्ये बाजारात आलेले १२ जीबीचे आरटीएक्स ३०६० आणि जून २०२३ मधले आरटीएक्स ४०६० यांचेच उदाहरण घेऊ. जुन्या कार्डात ३,५८४ कूडा कोअर (एकाच वेळी गणिते करणारी छोटी केंद्रे), १२ जीबी मेमरी आणि १९२ बिटांची मेमरी बस (मेमरी आणि चिप यांच्यामधला माहितीचा मार्ग) आहे. नव्यात ३,०७२ कोअर, ८ जीबी मेमरी आणि १२८ बिटांची बस आहे. तिन्ही ओळींत जुने कार्ड वरचढ ठरते, तरीही १०८०पी रिझोल्यूशनवर खेळ चालवताना नवे कार्ड सर्वसाधारणपणे १५ ते २० टक्के पुढे असते. याचे कारण असे की पत्रकातल्या बहुतेक ओळी एकट्याने काहीच सांगत नाहीत. त्या दुसऱ्या एखाद्या ओळीशी जोडूनच वाचाव्या लागतात.

तुलनेला हात घालण्यापूर्वी आपण नेमक्या कोणत्या कार्डाचे पत्रक वाचत आहोत याची खात्री करून घ्यावी, कारण एकाच नावाखाली वेगवेगळी कार्डे विकली जातात. आरटीएक्स ३०६० ची ८ जीबीची आवृत्ती केवळ मेमरीच्या आकारात कमी नाही, तर तिची बसही १२८ बिटांची आहे. जीटी १०३० च्या बाबतीत हा प्रकार अधिक गंभीर होता: जीडीडीआर५ या वेगवान मेमरीच्या आवृत्तीची बँडविड्थ (मेमरीतून माहिती वाहण्याचा वेग) सेकंदाला ४८ जीबी, तर त्याच नावाच्या डीडीआर४ आवृत्तीची अवघी १६.८ जीबी. लॅपटॉपमधील कार्डांना तर डेस्कटॉपचा आकडा लावूच नये. लॅपटॉपमधल्या आरटीएक्स ४०६० ला निर्मात्याच्या निवडीनुसार ३५ पासून ११५ वॉटपर्यंत वीज दिलेली असू शकते, आणि या मर्यादेच्या दोन टोकांच्या यंत्रांत नाव सोडल्यास फारसे साम्य उरत नाही.

आता गणनशक्ती. कोअरची संख्या, बूस्ट क्लॉक (भार असताना चिप गाठते तो ठोक्यांचा वेग) आणि दोन यांचा गुणाकार केला की सैद्धांतिक वेग मिळतो. दोनने गुणायचे कारण प्रत्येक कोअर एका ठोक्यात एक गुणाकार आणि एक बेरीज मिळून दोन क्रिया करतो. ३०६० साठी ३,५८४ × २ × १.७७७ गिगाहर्ट्झ म्हणजे सुमारे १२.७ टेराफ्लॉप (एक टेराफ्लॉप म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी क्रिया), आणि ४०६० साठी ३,०७२ × २ × २.४६ गिगाहर्ट्झ म्हणजे सुमारे १५.१ टेराफ्लॉप. कोअर कमी असूनही नवे कार्ड पुढे का, याचे बरेचसे उत्तर इथेच मिळते: सॅमसंगच्या ८ नॅनोमीटर प्रक्रियेऐवजी टीएसएमसीची अधिक प्रगत प्रक्रिया वापरल्यामुळे त्याचा क्लॉक जवळजवळ ४० टक्क्यांनी वाढला आहे.

मात्र हा गुणाकार एकाच कंपनीच्या आणि एकमेकांशी मिळत्याजुळत्या रचनांपुरताच विश्वासार्ह आहे. एएमडीच्या आरएक्स ६६५० एक्सटी आणि आरएक्स ७६०० या दोन्ही कार्डांत २,०४८ शेडर (एएमडीचे कोअर) आहेत आणि त्यांचे क्लॉकही जवळपास सारखेच आहेत. पण नव्या रचनेत एका ठोक्यात दुप्पट क्रिया पाठवण्याची सोय असल्यामुळे कागदावरचा आकडा सुमारे १०.८ वरून २१ टेराफ्लॉपच्या पुढे जातो. ती सोय फार मोजक्या प्रसंगी वापरली जात असल्यामुळे खेळांतील वाढ मात्र जेमतेम काही टक्क्यांची आहे. त्यामुळे एएमडी आणि एनव्हिडिया यांची टेराफ्लॉपवरून तुलना करणाऱ्या तक्त्यांकडे दुर्लक्ष करणेच बरे.

मेमरीच्या बसचेही तसेच आहे. बसची रुंदी आठने भागून तिला मेमरीच्या वेगाने (सेकंदाला गिगाबिटांत) गुणावे: ३०६० मध्ये १९२ ÷ ८ × १५ म्हणजे सेकंदाला ३६० जीबी, आणि ४०६० मध्ये १२८ ÷ ८ × १७ म्हणजे २७२ जीबी. हा फरक भरून काढण्यासाठी ४०६० मध्ये एल२ कॅश (चिपमधलीच छोटी, वेगवान मेमरी) ३ एमबीवरून २४ एमबीपर्यंत वाढवली आहे, त्यामुळे बरीचशी माहिती चिपमध्येच सापडते आणि मेमरीकडे कमी वेळा जावे लागते. रिझोल्यूशन वाढत जाते तसा या कॅशचा उपयोग घटतो. म्हणून १४४०पी किंवा ४के मॉनिटर असलेल्याने बँडविड्थच्या ओळीला अधिक वजन द्यावे.

मेमरीची क्षमता ही ओळ मात्र वेगळ्या जातीची आहे, कारण ती वेग नव्हे, मर्यादा सांगते. काम ८ जीबीत मावत असेल तोवर १२ जीबीचा काडीचाही फायदा नाही; मावेनासे झाले की वेग हळूहळू कमी न होता एकदम कोसळतो, कारण उरलेली माहिती कार्ड आणि मदरबोर्ड यांना जोडणाऱ्या पीसीआय एक्स्प्रेस मार्गाने संगणकाच्या मुख्य मेमरीतून आणावी लागते. ४०६० ला या मार्गाच्या आठच लेन (समांतर वाटा) आहेत, ३०६० ला सोळा. मदरबोर्ड जुना, पीसीआय एक्स्प्रेस ३.० चा असेल तर ही अडचण दुप्पट जाणवते. घरच्या संगणकावर भाषा-मॉडेल चालवू पाहणाऱ्यांनी हिशेब करून पाहावा: १३ अब्ज पॅरामीटरचे मॉडेल ४ बिटांत साठवले तरी निव्वळ त्यालाच ६.५ जीबी लागतात, वर संवादाचा संदर्भ आणि डेस्कटॉप यांची गरज वेगळीच.

विजेची ओळ बहुतेक जण फक्त पॉवर सप्लाय पुरेसा आहे का हे पाहण्यासाठी वाचतात. ३०६० ला १७० वॉट आणि ४०६० ला ११५ वॉट लागतात. रोज चार तास पूर्ण भाराने चालवल्यास हा ५५ वॉटचा फरक वर्षाला सुमारे ८० युनिट होतो.

एवढे झाल्यावरच चाचण्यांचे आकडे पाहावेत, आणि तेही स्वतःच्या मॉनिटरच्या रिझोल्यूशनचे. कंपनीच्या आलेखात एका कार्डावर फ्रेम जनरेशन (खऱ्या फ्रेमांच्या मध्ये कृत्रिम फ्रेम घालण्याची सोय) चालू आणि दुसऱ्यावर बंद नाही ना, हे तळटीपेत तपासावे. ४०६० ला ही सोय आहे, ३०६० ला एनव्हिडियाने ती दिलेली नाही. सरासरी फ्रेम दराबरोबर सर्वांत संथ एक टक्का फ्रेमचा आकडाही पाहावा, कारण मेमरी अपुरी पडल्याची चिन्हे सरासरीत लपतात पण तिथे उघडी पडतात.

या दोन कार्डांपुरते सांगायचे तर १०८०पी वर खेळणाऱ्याने किंवा एव्ही१ स्वरूपात व्हिडिओ एन्कोड करणाऱ्याने ४०६० घ्यावे, कारण तो एन्कोडर ३०६० मध्ये नाही. ब्लेंडर या त्रिमितीय चित्रणाच्या सॉफ्टवेअरमधील जड दृश्ये किंवा मोठी भाषा-मॉडेल हाताळणाऱ्याला मात्र जुने १२ जीबीचे कार्डच अधिक उपयोगी पडेल.