म्हशीच्या लिव्हरमधला फ्लूक: आधी सायकल बघा, मग औषध पाजा

पावसाळा संपला की इकडे पुण्याजवळच्या मांजरी, लोणी काळभोर, थेऊर आणि तिकडे मुळशी-मावळात एकच रड ऐकू येते, जनावर खातंय पण अंगाला लागत नाही, दूध उतरलंय, अंगावरचे केस राठ झालेत, आणि जंताचं औषध तर आत्ताच पाजलंय. कुठलं पाजलं विचारलं की बाटली पुढे करतात आणि बऱ्याचदा ते आयव्हरमेक्टिन निघतं. ते गोलकृमीवर चालतं, उवांवर चालतं, पण फ्लूकवर त्याचा काडीचा उपयोग नाही, दुप्पट दिलं तरी नाही.

फ्लूक म्हणजे पर्णकृमी, चपटा. आपल्या मैदानी भागात जो सापडतो तो फॅसिओला जायगँटिका, मोठा झाला की साडेसात सेंटिमीटरपर्यंत जातो, हिमालयाकडच्या थंड भागात त्याचा धाकटा भाऊ फॅसिओला हेपॅटिका असतो, साधारण तीन सेंटिमीटरचा. दोघंही पित्ताच्या नळ्यांत राहतात. या हेपॅटिकाची सायकल (जीवनचक्र) 1880 च्या दशकात इंग्लंडमध्ये थॉमस आणि जर्मनीत लॉयकार्ट या दोघांनी वेगवेगळं काम करून शोधली, म्हणजे सव्वाशे वर्षांहून जास्त झाली, आणि आपण अजून शेजाऱ्याने कुठली बाटली आणली ते बघून औषध आणतो.

आता सायकल. शेणापासून सुरू करू, कारण आपल्या हातात तेवढंच असतं. मोठा फ्लूक अंडी घालतो, ती पित्तातून आतड्यात आणि तिथून शेणात येतात. शेण कोरड्यात पडलं तर अंडी वाळून मरतात. पाण्यात किंवा चिखलात पडलं तर उबदार हवेत साधारण दोन आठवड्यांत अंड्याचं झाकण उघडून (खरंच झाकण असतं त्याला) मिरासिडियम नावाचं केसाळ पिल्लू बाहेर येतं आणि पोहायला लागतं. त्याच्याकडे वेळ फार कमी, एखादा दिवस, तेवढ्यात योग्य जातीची गोगलगाय सापडली नाही तर ते मेलं. सापडली तर ते तिच्या अंगात शिरतं, तिथे त्याचा स्पोरोसिस्ट होतो, त्यातून रेडिया, रेडियातून सर्कारिया (ही सगळी त्या पिल्लाचीच पुढची रूपं), आणि खरा घोटाळा इथेच आहे कारण आत गेलं एक आणि बाहेर येतात शेकडो. म्हणून गोगलगायी थोड्या दिसल्या तरी गाफील राहायचं नाही. गोगलगायीतलं हे सगळं व्हायला दोन महिने किंवा थोडं जास्त लागतं.

सर्कारियाला शेपूट असतं. ते पाण्यात पोहून गवताच्या, भाताच्या किंवा जलपर्णीच्या देठाला चिकटतं, शेपूट टाकतं आणि स्वतःभोवती कवच करून बसतं, याला म्हणायचं मेटासर्कारिया, टाचणीच्या डोक्याहून बारीक ठिपका. जनावराने ते गवत खाल्लं की आतड्यात कवच फुटतं, पिल्लू आतड्याची भिंत भोकसून पोटाच्या पोकळीत येतं, लिव्हरचं आवरण फोडून आत शिरतं आणि कित्येक आठवडे लिव्हर खात खात फिरतं, मग कुठे पित्ताच्या नळीत जाऊन स्थिरावतं. खाल्ल्यापासून शेणात अंडी दिसेपर्यंत जायगँटिकाला तीन ते चार महिने लागतात. हा आकडा गोठ्याच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवा, पुढचं सगळं गणित यावर आहे.

कारण बघा, शेळ्यामेंढ्या या फिरत्या पिल्लांच्या काळातच मरतात, लिव्हरमध्ये रक्तस्राव होऊन, आणि तेव्हा शेण तपासलं तर रिपोर्ट निल येतो, अंडी घालणारा मोठा फ्लूक तयारच झालेला नसतो ना. अशा वेळी मेलेल्या जनावराचं पोस्टमॉर्टेम करून घ्यायचं, तेच खरं सांगतं. गायीम्हशी सहसा लगेच मरत नाहीत, त्यांच्यात दुखणं रेंगाळतं, खालची पापणी ओढून बघितली तर आतली बाजू लालऐवजी पांढुरकी, जबड्याखाली पाणी उतरून आलेली मऊ सूज, दूध कमी, गाभण राहायला उशीर.

गोगलगाय ओळखणं अवघड नाही. कॅनॉलच्या कडेला, विहिरीच्या सांडपाण्याच्या चरात, भातखाचरात, नदीकाठच्या जलपर्णीच्या मुळ्यांना बघा. लिम्निया पातळ कवचाची, वर टोक आणि खाली मोठं तोंड, टोक वर धरून तोंड आपल्याकडे केलं की ते उजव्या बाजूला असतं, ही लिव्हर फ्लूकची. दुसरी इंडोप्लॅनॉर्बिस, चपटी वेटोळी, तिला टोकच नाही, ही अँफिस्टोमची (हा दुसरा एक पर्णकृमी, त्याचं पुढे सांगतो) आणि नाकातल्या शिस्टोसोमाची (हा रक्तवाहिन्यांत राहणारा पर्णकृमी). हात घालायचा नाही, रबरी ग्लोव्हज घाला, कारण शिस्टोसोमाची सर्कारिया सरळ कातडीतून घुसते आणि माणसाला खाज सुटून पुरळ येतं. हौस असेल तर एकेक गोगलगाय स्वच्छ पाण्याच्या छोट्या काचेच्या बाटलीत घालून उजेडात ठेवा, लागण झालेली असेल तर काही वेळाने पाण्यात पांढरे कण वळवळताना दिसतील. नाही दिसले म्हणून लागण नाही असं मात्र धरू नका.

शेणाची टेस्ट. फ्लूकची अंडी जड असतात, म्हणून मिठाच्या पाण्यावर तरंगवायची जी नेहमीची पद्धत आहे ती इथे कामाची नाही, बुडवायची पद्धत लागते. ताजं शेण घ्या, जमिनीवरचं नको, सुपारीएवढं पुरे. ग्लासभर पाण्यात नीट कालवा, जुन्या चहाच्या गाळणीने गाळा (ती परत किचनमध्ये नेऊ नका, घरात भांडणं होतात), उंच ग्लासात पाच-दहा मिनिटं ठेवा, वरचं पाणी हळूच ओता, पुन्हा पाणी घाला, वरचं पाणी नितळ होईपर्यंत हेच करत राहा. तळाचा गाळ एक थेंब स्लाईडवर, त्यात मिथिलीन ब्लूचा थेंब. बाकीचा कचरा निळा होतो, फॅसिओलाचं अंडं पिवळंधमक राहतं. तसंच मोठं पण बिनरंगी, काचेसारखं अंडं दिसलं तर ते अँफिस्टोमचं. मायक्रोस्कोप नसेल तर नमुना डबीत भरून तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात द्या, पुण्यात औंधला पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग आहे, भोर-खंडाळ्याकडच्यांना शिरवळचं व्हेटर्नरी कॉलेज जवळ पडतं. एकाच जनावराचं शेण देऊ नका, चार-पाच जनावरांचं वेगवेगळं द्या.

अँफिस्टोमचं थोडक्यात सांगतो. त्याचे मोठे किडे कोथळीत (रवंथाच्या पहिल्या पोटात) चिकटून असतात, गुलाबी, मण्यांएवढे, कत्तलखान्यात ढिगाने दिसतात आणि तिथे ते फारसा त्रास देत नाहीत. त्रास देतात ती त्यांची पिल्लं, छोट्या आतड्याच्या सुरुवातीला बसून, वासरांना घाण वासाची पातळ हागवण लागते आणि तेव्हाही शेणात अंडी नसतात.

औषधाचं. ट्रायक्लाबेंडाझोल लिव्हरमध्ये फिरणाऱ्या पिल्लांवरही चालतं. ऑक्सिक्लोझॅनाइड मोठ्या फ्लूकवर चालतं, अँफिस्टोमवरही देतात. अल्बेंडाझोल फ्लूकसाठी जास्त डोसमध्ये लागतं, तेही फक्त मोठ्यांवर, आणि गाभणपणाच्या सुरुवातीला ते द्यायचंच नाही. म्हणजे ऑक्टोबरात पाण्याकडेचं गवत खाल्लेल्या म्हशीला नोव्हेंबरात ऑक्सिक्लोझॅनाइड पाजलं तर आतली पिल्लं तशीच राहणार, जानेवारी-फेब्रुवारीत ती मोठी होतात, तेव्हा तो डोस लागू पडतो. दुसरा डोस पावसाआधी, मे-जूनमध्ये, कशासाठी तर पाऊस सुरू होताना शेणातून अंडी पाण्यात जाऊ नयेत. कुठलं औषध, किती, आणि दूध किती दिवस डेअरीला घालायचं नाही, हे डॉक्टरांनाच विचारा, लेबलही वाचा.

डोस वजनावर असतो आणि अंदाजाने वजन कमीच धरलं जातं. टेप घ्या, छातीचा घेर इंचात मोजा, त्याचा वर्ग करा, खांद्याच्या टोकापासून मागच्या बसायच्या हाडापर्यंतच्या लांबीने गुणा, 660 ने भागा, किलोत वजन येतं. घेर 72 आणि लांबी 60 असेल तर साधारण 470 किलो.

पाण्याचं काम कंटाळवाणं आहे पण औषधाइतकंच महत्त्वाचं. हौद गोठ्यातच ठेवा आणि त्याच्याभोवती चिखल होऊ देऊ नका, नळाची गळती बंद करा, शेण चरात ढकलू नका, खड्ड्यात नीट रचा म्हणजे आतल्या उष्णतेने अंडी मरतात. खाचरातला ओला चारा आणायचा तर पाण्यात बुडालेला खालचा भाग कापून टाका, बाकीचा कडक उन्हात चांगला वाळवून घाला. नदीतली जलपर्णी फुकट मिळते म्हणून जनावरापुढे टाकू नका. मोरचूद टाकून गोगलगायी मारायचा सल्ला कोणीतरी देतंच, त्याने मासेही मरतात आणि पुढच्या पावसात गोगलगायी परत येतात, त्यापेक्षा बदकं पाळलेली बरी, ती गोगलगायी आवडीने खातात.

कलेजी खाल्ल्याने माणसाला फ्लूक होतो का, हे हमखास विचारतात. शिजवलेल्या कलेजीतून नाही होत, लागण मेटासर्कारिया पोटात गेल्याने होते, म्हणजे पाण्यातली भाजी कच्ची खाल्ली तर. गंमत अशी की फ्लूकवाली कलेजी खाल्लेल्या माणसाच्या संडासच्या टेस्टमध्ये अंडी दिसू शकतात, ती नुसती पोटातून आरपार गेलेली असतात, म्हणून असा रिपोर्ट आला तर काही दिवस कलेजी बंद करून परत टेस्ट करायची.

जनावराचीही फेरतपासणी लगेच करू नका, फ्लूक मेले तरी पित्ताशयात साठलेली अंडी काही दिवस शेणात येत राहतात, तीन-चार आठवडे थांबून नमुना द्या.