‘हे जरा बाजूला ठेवा’: कपड्यांच्या दुकानात नवीन लागणाऱ्यांसाठी

घडी घालणं, हँगर एका दिशेला लावणं, बिल करणं हे सगळं पहिल्या आठवड्यात हातात बसतं. गिऱ्हाइकांच्या सवयींची तयारी मात्र कोणी करून घेत नाही. माझ्याबरोबर लागलेल्या कित्येक जणी त्यालाच वैतागून सोडून गेल्या.

नीट रचलेल्या चळतीतला सगळ्यात खालचा टी-शर्ट ओढला जाणारच. ट्रायल रूममध्ये कपडे उलटे, जमिनीवर, चेन न उघडता डोक्यातून ओढलेले, गळ्याला फाउंडेशन लागलेले मिळणार. दुकान बंद करायच्या वेळी कोणीतरी हातभर कपडे घेऊन आत शिरणार. याला इलाज नाही. मनाला लावून घेऊ नका, घडी पुन्हा घालता येते.

खरा घात करते ती एकच सवय: “हे जरा बाजूला ठेवा, मी आलेच.”

ऐकायला किरकोळ वाटतं. पण पुढे काय होतं बघा. निळा शर्ट, साइज एम, तुम्ही काउंटरखाली ठेवता. रॅकवर एस आहे, एल आहे, एम नाही. कॉम्प्युटरवर मात्र एमचा एक नग दिसतो, कारण तो विकलेलाच नाही. तासाभराने दुसरी बाई नेमका तोच एम मागते. तुमची सहकारी स्टॉकरूम पालथी घालते, शर्ट मिळत नाही, ती बाई निघून जाते. तुमची शिफ्ट संपते. काउंटरखाली काय आहे, कोणासाठी आहे, हे फक्त तुमच्या डोक्यात असतं. स्टॉक मोजताना तो नग कमी भरतो. शर्ट सापडतो तोवर बाकीचे साइज संपलेले असतात आणि उरलेल्या एकट्या नगाची किंमत उतरवावी लागते. आणि पहिली बाई? ती परत आलेलीच नसते. यावरून ऐकून घेतलेली बोलणी मला अजून आठवतात.

म्हणून चिठ्ठी लावल्याशिवाय काहीही बाजूला ठेवू नका. चिठ्ठीवर नाव, साइज, ठेवल्याची वेळ आणि कधीपर्यंत ठेवणार ते लिहा. जागा एकच आणि सगळ्यांना माहीत असलेली हवी. गिऱ्हाइकाला तोंडावर सांगा, “सात वाजेपर्यंत ठेवते, मग रॅकवर लावते.” सुरुवातीला जीभ रेटत नाही, पण बहुतेक लोक हे ऐकून घेतात. वेळ टळली की कपडा लावाच. शेवटचा नग असेल तर सीनिअरला विचारल्याशिवाय हो म्हणू नका.

काही जुने लोक शिकवतील, “हो म्हण आणि ती वळली की लावून टाक.” अजिबात करू नका. ती बाई खरंच परत आली, तर तिच्यासमोर उभं तुम्हालाच राहायचं असतं. आणि माझं ऐकाल तर सगळ्यात जास्त विक्री करणाऱ्याच्या मागे फिरून शिकू नका. स्टॉकरूम सांभाळणाऱ्याला धरा. कपडे कुठे आणि कसे गायब होतात, हे त्याला पाठ असतं.

त्यानेच मला शिकवलं: ट्रायल रूममधून आलेला कपडा टांगण्याआधी हँगरवरचा आणि कॉलरमधला साइज ताडून बघायचा. लोक एल काढून एमच्या हँगरला अडकवतात. सुटलेला टॅग अंदाजाने लावू नका. प्रत्येक रंगाचा, प्रत्येक साइजचा बारकोड वेगळा असतो, त्यामुळे एक टॅग चुकला की दोन नगांचा हिशेब चुकतो.

“मला एमच होतो,” यावर वाद घालू नका. प्रत्येक कंपनीचं माप वेगळं असतं. “यांचं माप जरा लहान येतं, दोन्ही घालून बघा,” एवढं पुरतं. अंगावरून एक शब्दही काढू नका.

“आटणार नाही ना?” या प्रश्नाला तोंडी हमी देऊ नका, आतलं लेबल दाखवा. टबच्या चित्रातला आकडा म्हणजे धुण्याच्या पाण्याचं कमाल तापमान, टबवर फुली म्हणजे पाण्यात धुवायचंच नाही. हमी दिलीत तर आटलेला कपडा तुमचं नाव घेऊन परत येईल.

कोणी कपडे अंगावर टाकले, टाकून बोललं, तर उत्तर देत बसू नका, सीनिअरला बोलवा. त्यात कमीपणा नाही. आणि सीनिअर दर वेळी तुम्हालाच माफी मागायला लावत असेल, तर दुसरं दुकान बघायला लागा.